बराक, ट्रंक आणि विहीर : फाळणीच्या स्मृतिप्रदर्शनांची भाषा आणि कल्याण कॅम्प

ठाणे जिल्ह्यात ‘कॅम्प’ हा शब्द पत्त्यात येतो. उल्हासनगरचा रहिवासी आपण ‘कॅम्प नंबर तीन’ला किंवा ‘कॅम्प नंबर पाच’ला राहतो असे सांगतो, आणि कल्याण-डोंबिवलीचे कुटुंब लग्नाच्या खरेदीसाठी ‘कॅम्पात’ जाते. या शब्दामागे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी तळ आणि त्यानंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी आहे, हे पत्ता सांगणाऱ्याच्या मनात बहुधा नसते. विसाव्या शतकाच्या युरोपीय इतिहासात हाच शब्द उच्चारला की आउश्वित्झ आणि माय्दानेक ही नावे पुढे उभी राहतात. तेथे कॅम्प ही माणसे मारण्याची जागा होती. येथे मरणातून किंवा मरणाच्या भीतीतून सुटून आलेल्यांना ठेवण्याची जागा होती. सामूहिक हत्येची स्मृती जपणाऱ्या जगातील संग्रहालयांनी पहिल्या अर्थाच्या कॅम्पभोवती प्रदर्शनाची एक भाषा घडवली आणि भारतातील फाळणीविषयक प्रदर्शनांनी ती बऱ्याच अंशी स्वीकारली. या भाषेत दुसऱ्या अर्थाच्या कॅम्पचा अनुभव सांगता येतो का, आणि येत नसेल तर उणीव अनुभवात आहे की भाषेत, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

संज्ञेचा प्रश्न

मराठीत हत्याकांड, कत्तल, नरसंहार, वंशसंहार, वंशविच्छेद हे शब्द वृत्तपत्रांतून व भाषणांतून एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. जालियनवाला बागेला हत्याकांड म्हणण्याची रूढी पक्की आहे. इतरत्र मात्र लिहिणाऱ्याच्या संतापावर शब्द ठरतो. कायद्याच्या भाषेत तसे चालत नाही. राफाएल लेमकिन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये वंशसंहारासाठी नवी संज्ञा घडवली आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने त्याविषयीचा करार संमत केला. एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय अथवा धार्मिक गट पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू हा त्या व्याख्येचा कणा आहे. मृतांची संख्या नव्हे, तर हेतू निर्णायक मानला गेला.

फाळणीला ही संज्ञा लागू पडते काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पॉल ब्रास यांनी २००३ मध्ये १९४६-४७ मधील पंजाबातील हिंसेचे वर्णन ‘प्रतिशोधात्मक वंशसंहार’ असे केले. या शब्दयोजनेतील ‘प्रतिशोधात्मक’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. जर्मनीत मारणारा कोण आणि मरणारा कोण हे स्पष्ट होते. पंजाबात रावळपिंडीकडील बळी आणि अमृतसरकडील मारेकरी एकाच समाजाचे होते, आणि सीमेपलीकडे तेच चित्र उलट्या क्रमाने दिसत होते. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही पुढे जातात; विस्थापितांची संख्या सुमारे दीड कोटी धरली जाते. मृतांच्या अंदाजात पाच पटींची तफावत राहते, याचा अर्थ मेलेल्यांची मोजदाद करण्याची निकड दोन्हीकडच्या शासनांना वाटली नाही असाच घ्यावा लागतो.

सिंधची गोष्ट या चौकटीतही नीट बसत नाही. पंजाब आणि बंगाल यांचे विभाजन झाले, म्हणून तेथील विस्थापितांना ‘आपल्या’ भाषेचा अर्धा प्रांत तरी अलीकडे मिळाला. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. तेथे पंजाबच्या प्रमाणात कत्तली झाल्या नाहीत आणि ऑगस्ट १९४७ नंतर काही महिने बहुसंख्य हिंदू सिंधमध्येच राहिले. घरे सोडण्यास भाग पाडले ते भयाने, आलेल्या मुहाजिरांच्या निवाऱ्याच्या गरजेने, आणि अखेर ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत शीख निर्वासितांवर झालेल्या हल्ल्याने व त्यापाठोपाठच्या लुटालुटीने. त्यानंतर बोटींवर जागा मिळवण्यासाठी झुंबड उडाली. मुंबई, ओखा, पोरबंदर या बंदरांत माणसे उतरली. नंदिता भवनानी यांचा ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ (२०१४), साझ अगरवाल यांचा ‘सिंध : स्टोरीज फ्रॉम अ व्हॅनिश्ड होमलँड’ (२०१२) आणि रिटा कोठारी यांचा ‘द बर्डन ऑफ रेफ्यूज’ (२००७) या तिन्ही ग्रंथांतून हा निर्गमनाचा इतिहास तपशिलाने आला आहे. तिघींच्या लेखनातून एक गोष्ट वारंवार जाणवते : सिंधी निवेदक आपली कहाणी सांगताना पंजाबशी तुलना करून ती लहान करतात. आमच्याकडे तसे काही झाले नाही, असे म्हणून ते पुढे सर्व काही गमावल्याचे सांगतात.

पुराव्याचे आणि पोकळीचे प्रदर्शन

वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालय एप्रिल १९९३ मध्ये उघडले. तेथील सर्वांत परिचित दालनात माय्दानेकच्या छावणीतून आणलेले हजारो जोडे आहेत. जोड्यांना चामड्याचा जुना वास येतो, असे अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. ही मांडणी न्यायालयीन आहे. गुन्हा घडला नाही असे म्हणणारे लोक अस्तित्वात असताना पुराव्याचा ढीग समोर ठेवणे हे तिचे काम आहे, आणि ते ती चोख करते. बर्लिनचे ज्यू संग्रहालय वेगळ्या मार्गाने जाते. डॅनियल लिबेस्किंड यांच्या इमारतीत हेतुपुरस्सर ठेवलेल्या रिकाम्या पोकळ्या आहेत. त्यांपैकी एकीत मेनाशे कादिशमन यांनी लोखंडी पत्र्यातून कापलेले दहा हजारांहून अधिक चेहरे जमिनीवर पसरले आहेत. प्रेक्षकाने त्यांच्यावरून चालायचे असते आणि पाऊल पडताच लोखंड खणखणते. किगाली येथे २००४ मध्ये उघडलेल्या स्मारकात संग्रहालयाला लागूनच अडीच लाखांहून अधिक मृतांचे दफन आहे. ढाक्याच्या मुक्तियुद्ध संग्रहालयाने, जे १९९६ मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने सुरू झाले, मीरपूरच्या वधस्थळांतून काढलेल्या अस्थी जपल्या आहेत.

या सर्वांत मृत देह, किंवा देहाची खूण, प्रदर्शनाच्या केंद्रस्थानी आहे. जोडा आहे, पाय नाही. चेहरा आहे, माणूस नाही. कलाकृती आणि पुरावा यांच्यातील भेद कादिशमन यांच्या चेहऱ्यांपाशी धूसर होतो, कारण ते चेहरे कोणा विशिष्ट व्यक्तीचे नाहीत. काही समीक्षकांना प्रेक्षकाला त्यांवरून चालवणे हा भावनांचा खेळ वाटतो. तो आक्षेप निराधार नाही. परंतु त्या खणखणाटाने प्रेक्षकाला ‘पाहणारा’ या सुरक्षित जागेवरून हलवले जाते, हे मान्य करावे लागते.

ही भाषा सर्व ज्यूंच्या इतिहासालाही लागू पडत नाही, याचे उदाहरण ठाण्यातच आहे. शार हाशामाइम हे बेने इस्रायलींचे सिनेगॉग येथे १८७९ पासून उभे आहे. कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या या समाजाचा भारतातील इतिहास छळाचा नाही. होलोकॉस्टविषयीची त्यांची बांधिलकी धर्माच्या नात्याने आलेली आहे, रक्ताच्या अनुभवाने नव्हे. ठाण्यातील ज्यूंची ओळख करून देताना आधी आउश्वित्झ दाखवले तर तो त्या मृतांचाही आदर नव्हे आणि या जिवंत समाजाचाही. समाजाचा इतिहास सांगण्यासाठी त्याच्या कत्तलीचा दाखला आवश्यक मानणे ही संग्रहालयांनी नकळत लावलेली सवय आहे, आणि सिंधी स्मृतीच्या वाट्याला आलेली अडचण नेमकी हीच आहे.

अमृतसर, दिल्ली आणि महाविद्यालयातील फलक

फाळणीला वाहिलेले पहिले मोठे संग्रहालय अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये १७ ऑगस्ट २०१७ रोजी उघडले. म्हणजे घटनेनंतर बरोबर सत्तर वर्षांनी. शासनाने इमारत दिली, पण वस्तू दिल्या त्या कुटुंबांनी. चामड्याची ब्रीफकेस आणि फुलकारीचे जाकीट ही तेथील एक जोडी प्रसिद्ध आहे : लग्न ठरलेली दोन माणसे वेगवेगळ्या वाटांनी निघाली, निर्वासितांच्या रांगेत त्यांची पुन्हा भेट झाली आणि नंतर विवाह झाला. दुसरीकडे एका विहिरीची प्रतिकृती आहे. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा येथे शीख स्त्रियांनी अब्रूच्या भीतीने विहिरीत उड्या घेतल्या, त्या प्रकारच्या मृत्यूंची ती खूण. अखेरच्या दालनात आशेचे झाड आहे. प्रेक्षक पानाच्या आकाराच्या कागदावर काही लिहून त्याला लावतात.

या रचनेत विहीर सर्वांत प्रभावी आहे आणि सर्वांत प्रश्नार्हही. उर्वशी बुटालिया यांनी ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’मध्ये (१९९८) थोहा खालसाच्या आठवणींची चिकित्सा करताना दाखवले होते की या मृत्यूंना हौतात्म्य म्हणताना स्त्रियांना खरोखर निवड होती का, हा प्रश्न मागे पडतो. घरातील पुरुषांनीच मारलेल्या स्त्रियाही त्याच हौतात्म्यात मिसळल्या गेल्या. विहिरीच्या काठावर प्रेक्षक स्तब्ध होतो. पण स्तब्धता ही चौकशीची जागा घेते, असे येथे घडते. बर्लिनच्या पोकळीत मारेकरी राष्ट्राने स्वतःच्या राजधानीत आपल्या गुन्ह्यापुढे उभे राहणे अभिप्रेत आहे. अमृतसरच्या विहिरीत मारेकरी नेहमी काठाबाहेर, सीमेपलीकडे राहतो.

याचे कारण संग्राहकांच्या हेतूत शोधण्यापेक्षा संग्रहाच्या पद्धतीत शोधणे न्याय्य ठरेल. कौटुंबिक देणगीवर उभे राहिलेले संग्रहालय कुटुंबाला जे दाखवावेसे वाटते तेच दाखवू शकते. ट्रंक येते, किल्ली येते, पितळेचे भांडे येते, घराचे कागद येतात. स्वसंरक्षणासाठी जवळ ठेवलेला चाकूही कदाचित येईल. परंतु आजोबांनी शेजारच्या गावावर चालून जाताना जी तलवार वापरली ती त्या हकिगतीसह कोण देणगी देईल? ब्रास यांचे विशेषण खरे मानले, तर फाळणीच्या हिंसेचा निम्मा भाग अशा न दिलेल्या वस्तूंत आहे. संग्रहालयातील प्रत्येक वस्तू खरी असूनही संग्रह म्हणून तो अर्धसत्य सांगतो. यावर सोपा उपाय नाही. निदान ती उणीव दालनात लिहून ठेवता येते.

दिल्लीत दारा शुकोह ग्रंथालयाच्या इमारतीत २०२३ मध्ये दुसरे फाळणी संग्रहालय सुरू झाले आणि तेथे सिंधला स्वतंत्र दालन मिळाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तरीही स्वतंत्र दालन देणे म्हणजे मुख्य कथेची चौकट न हलवता तिला एक खोली जोडणे होय, असाही त्याचा अर्थ होतो.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा संबंध या संग्रहालयांशी क्वचित येतो. फलकांशी मात्र येतो. २०२१ मध्ये १४ ऑगस्ट हा ‘विभाजन विभीषिका स्मृती दिन’ म्हणून जाहीर झाला. पुढील वर्षापासून इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र आणि भारतीय इतिहास अनुसंधान परिषद यांनी तयार केलेले प्रदर्शन देशभरातील शिक्षणसंस्था, बँका, टपाल कार्यालये, रेल्वे स्थानके येथे लावण्याचा उपक्रम सुरू झाला. प्रदर्शनाची मूळ प्रत हिंदी व इंग्रजीत केंद्रीय स्तरावर तयार होते. स्थानिक संस्थेने ती छापून लावायची. संस्थेला यात विचार करण्याजोगे काम फारसे उरत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष आहे. कल्याण स्थानकाशेजारच्या एखाद्या महाविद्यालयात आणि नागपूरच्या महाविद्यालयात तेच फलक लागतात, जणू कल्याणला फाळणीविषयी स्वतःचे सांगण्यासारखे काही नाही. ‘विभीषिका’ या शब्दानेही निवड आधीच केलेली असते. भयानक ते स्मरणीय, असे ठरल्यावर बोटीच्या रांगेत चार दिवस उभे राहणे, बराकीत गोणपाटाच्या पडद्यांनी पाच कुटुंबांचे संसार वेगळे करणे, मुलांच्या शाळेची लिपी कोणती यावर घरात भांडण होणे या गोष्टी फलकावर येण्याची पात्रताच गमावतात.

छायाचित्रांविषयी थोडे वेगळे सांगणे आवश्यक आहे. फाळणीची दृश्यस्मृती मोठ्या प्रमाणात ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्या कॅमेऱ्याने घडवली. पुराना किल्ल्याच्या भिंतीवर हनुवटी टेकून बसलेला मुलगा आज फाळणीचे बोधचिन्हच झाला आहे. त्यांच्या सहकारी ली आयटिंगॉन यांनी पुढे सांगितले की मनासारखे चित्र मिळेपर्यंत निर्वासितांच्या तांड्याला पुन्हा पुन्हा चालवले गेले होते. छायाचित्रे त्यामुळे खोटी ठरत नाहीत. पण ती पुरावा म्हणून लावताना त्यांच्या निर्मितीची माहिती खाली द्यावी, एवढी अपेक्षा इतिहासाच्या विद्यार्थ्याने ठेवावी. तांडा, बैलगाडी, छतापर्यंत भरलेली रेल्वे ही पंजाबची दृश्ये आहेत. कराचीच्या धक्क्यावरची बोट या दृश्यमालिकेत अभावानेच दिसते, म्हणून ती स्मृतीतही अभावानेच येते.

कॅम्पचे साहित्य

कल्याणपासून पाच किलोमीटरवरील लष्करी बराकींत १९४७-४८ मध्ये सिंधी निर्वासितांना ठेवण्यात आले. मुंबई बंदरात उतरलेल्यांनी शहरातच राहू नये, अशी त्या वेळच्या प्रांतिक शासनाची इच्छा होती आणि निर्वासितांची नोंदणी व छावण्यांतील वसाहत यांसाठी १९४८ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. पाच कॅम्पमध्ये मिळून लोकसंख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. ठाणे पूर्वेकडील कोपरीची सिंधी वसाहतही याच स्थलांतराची आहे. नामकरणातील आनंद सूचक होता. शासनाला छावणी संपवून नगर सुरू करायचे होते, आणि रहिवाशांनाही निर्वासित हे बिरुद टाकायचे होते. त्यांनी ते व्यापाराच्या बळावर टाकले. उल्हासनगरी माल या शब्दप्रयोगातून कल्याण-डोंबिवली-मुंबईकरांनी मग दुसरे बिरुद चिकटवले. नकली मालाचे विनोद पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. माल बनवणारी माणसे रिकाम्या हातांनी बराकीत का आली होती, हे त्या विनोदांत कधी आले नाही. मराठी मध्यमवर्गाच्या सांस्कृतिक स्मृतीतील ही पोकळी लिबेस्किंडच्या पोकळीसारखी बांधलेली नसली तरी ती आहे.

या समाजाने आपली स्मृती जपली नाही असे म्हणणे चुकीचे होईल. ती संग्रहालयाच्या बाहेर जपली गेली. सिंधमधून आलेल्या शिक्षणतज्ज्ञांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे नाव हैदराबाद (सिंद) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड असे आहे. उल्हासनगरचे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय याच संस्थेचे. गमावलेले शहर कंसातील प्रांतासह संस्थेच्या पाटीवर राहिले. झुलेलालाचा चालिहा चाळीस दिवस पाळला जातो, त्यात सिंधू नदीचे स्मरण आहे. १९६७ मध्ये सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला, तो प्रांत नसलेल्या भाषेने मिळवलेला अधिकार होता. अरबी-सिंधी की देवनागरी हा लिपीचा वाद मात्र मिटला नाही आणि त्यामुळे आजोबांची पत्रे वाचू न शकणारी नातवंडे घरोघर आहेत. यांतील एकाही गोष्टीचे चित्र विभीषिकेच्या फलकावर लावता येणार नाही. पत्र वाचता न येणे हा काही अत्याचार नव्हे. परंतु गट ‘नष्ट’ होण्याच्या प्रक्रियेत भाषेचा ऱ्हास कोठे बसतो, हा प्रश्न लेमकिन यांना सुरुवातीपासून पडलेला होता. त्यांच्या मूळ विचारात संस्कृतीचा विध्वंस समाविष्ट होता आणि १९४८ च्या करारातून तो वगळला गेला. सिंधी अनुभव वंशसंहाराच्या संज्ञेखाली आणण्याचा हा युक्तिवाद नव्हे. सिंधमधून झालेल्या निर्गमनाला वंशसंहार म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही, आणि मान्यता मिळावी म्हणून मोठा शब्द उसना घेतला तर थोहा खालसाच्या आणि कराचीच्या दोन्ही अनुभवांचे वजन कमी होते. लहान शब्द वापरूनही मोठे नुकसान सांगता आले पाहिजे.

ट्रंकांमधील पडदे

येथे चित्रकलेने संग्रहालयाच्या आधी वाट काढली होती. तय्यब मेहता यांनी १९४७ मध्ये मुंबईत मोहम्मद अली रोडवरील आपल्या घरातून एका तरुणाला जमावाने ठार मारताना पाहिले. कोसळणारी आकृती त्यांच्या चित्रांत पुढे अनेक दशके परतत राहिली. त्या आकृतीला धर्म नाही आणि नावही नाही. विवान सुंदरम यांनी १९९३ मध्ये मुंबईच्या दंगलींनंतर होशी जाल यांच्या वृत्तपत्रीय छायाचित्रातील रस्त्यावर पडलेल्या मृत माणसाभोवती ‘मेमोरियल’ हे मांडणशिल्प रचले. ज्याच्यावर कोणी अंत्यसंस्कार केले नाहीत अशा देहाला कलादालनात दफनाची जागा दिली. दोन्ही कलाकृतींत देह आहेच.

नलिनी मालानी यांची ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ (१९९८) ही दृश्यफिती-मांडणी मात्र या लेखाच्या प्रश्नाला थेट भिडते. मालानी यांचा जन्म कराचीचा, १९४६ चा. वर्षभरात कुटुंब निर्वासित झाले. मंटोची प्रसिद्ध कथा आणि मे १९९८ मधील अणुचाचण्या या दोन प्रेरणांतून ही कृती झाली आणि १९९९ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, दाखवली गेली. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया प्रक्षेपित होतात आणि मधल्या अंतरातून एकच साडी घडी घालण्याचा प्रयत्न करतात. जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका आहेत. प्रत्येकीत एक पडदा आणि त्यावर विस्थापनाची दृश्ये.

अमृतसरची ट्रंक आणि मालानी यांची ट्रंक यांत फरक आहे. पहिली एका कुटुंबाची आहे आणि तिच्यापुढे नाव लिहिले आहे. प्रेक्षक सहानुभूतीने पाहतो आणि पुढच्या वस्तूकडे वळतो. दुसरी कोणाचीच नाही. तिच्यात डोकावण्यासाठी वाकावे लागते, आणि आत आपलेही काही असू शकते ही शंका वाकलेल्या माणसाला येते. शिवाय साडीची घडी दोघींपैकी एकीने सोडली तर पडणार. सीमेपलीकडची स्त्री येथे साक्षीदार नाही, आरोपीही नाही. कामात सहभागी आहे. प्रतिशोधात्मक हिंसेचा इतिहास एका बाजूच्या वस्तूंनी सांगता येत नाही, ही मर्यादा वर नोंदवली. मालानी यांनी ती मर्यादा वस्तू गोळा करून नव्हे, तर रचनेने ओलांडली. कलाकृतीवर आक्षेपही घेता येईल : मंटो ठाऊक नसलेल्या आणि दृश्यफितीच्या कलेशी परिचय नसलेल्या प्रेक्षकाला ती बंदिस्त वाटते, आणि फोर्टातील संग्रहालयात ती पाहण्यासाठी कॅम्पमधून किती माणसे लोकलने आली असतील याचा अंदाज कठीण नाही. ट्रंका जेथल्या होत्या तेथे त्या पोहोचल्या नाहीत.

बराकीचे दोन इतिहास

महाराष्ट्रातच एक ठिकाण असे आहे जेथे या लेखातील सर्व प्रश्न एका भूखंडावर एकत्र येतात. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सैबेरिया व कझाकस्तानकडे हद्दपार केलेली ही कुटुंबे, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे भारतात आली. छावणीत शाळा, चर्च, नाट्यगृह होते. भारतात राहिलेल्या पोलिश लोकांच्या संघटनेने त्या वर्षांचा इतिहास ग्रंथरूपाने सिद्ध केला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडचे शासकीय प्रतिनिधी आणि येथे बालपण घालवलेले वृद्ध वळिवड्यात स्मरणकार्यक्रमासाठी आले. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि छावणीचे गांधीनगर झाले. आज ती पश्चिम महाराष्ट्रातील कापडाची मोठी बाजारपेठ आहे.

एकाच भिंतींच्या आत दोन विस्थापने लागोपाठ राहिली. पहिल्याच्या पाठीशी एक राष्ट्र आहे, म्हणून त्याला स्तंभ, ग्रंथ आणि राजदूत मिळाले. दुसऱ्याला भारत या राष्ट्राने नागरिकत्व दिले, घर दिले, आणि त्यासोबत विसरण्याची अपेक्षाही ठेवली. वळिवड्यातील पोलिश मुलांनी आपले बालपण तेथे सुखाचे गेले असे सांगितले आहे. म्हणजे त्यांचे स्मारकही मृत्यूचे नसून आश्रयाचे आहे. आश्रयाचे स्मारक उभारता येते, याचा हा महाराष्ट्रातील पुरावा. तेव्हा कॅम्पच्या स्मृतीला वॉशिंग्टन किंवा अमृतसरपेक्षा वळिवडे हा जवळचा नमुना आहे. उल्हासनगरात अशी मांडणी करायची तर दालनासाठी इमारत शोधण्याआधी आवाज ध्वनिमुद्रित करावे लागतील, अरबी-सिंधीतील पत्रे वाचू शकणारी माणसे बसवावी लागतील, बोटीची तिकिटे आणि शिधापत्रिका यांच्या प्रती काढून मूळ कागद घरी परत द्यावे लागतील. कल्याण-डोंबिवलीतील मराठी कुटुंबांनी त्या वर्षांत नव्या शेजाऱ्यांविषयी काय पाहिले, काय ऐकले आणि काय बोलले, हेही त्याच संग्रहात यायला हवे, नकोसे वाटले तरी. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी आणि सिंधी विभागांना हे काम १४ ऑगस्टचे फलक छापण्यापेक्षा महाग पडणार नाही. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीकडे झुकले आहे, आणि कॅम्प नंबर चारच्या एखाद्या घरात त्याच्याशी त्याची नातवंडे हिंदीत बोलत आहेत.